दुसरी बॅटरी घेण्याआधी पहिली पूर्ण भरते का ते पाहा

पत्र

सप्रेम नमस्कार. आमचा धनगरवाडा शाहूवाडी तालुक्यात, जंगलाच्या कडेला आहे. पोल अजून आले नाहीत. अडीच वर्षांपूर्वी पाडव्याला आम्ही स्वतःच्या पैशानं सोलर बसवलं. दोनशे वॅटचं एक पॅनल, दीडशे एएचची ट्यूब्युलर बॅटरी, कंट्रोलर आणि छोटा इन्व्हर्टर. चार बल्ब आणि तीन मोबाइल एवढंच चालायचं. पहिलं दीड वर्ष काही त्रास नव्हता. मग दिवाळीला टीव्ही आणि डिश घेतली. त्या थंडीत पहाटे पहाटे लाइट जायला लागली, पण ऊन आलं की परत यायची म्हणून मनावर घेतलं नाही. यंदाच्या पावसाळ्यात मात्र बॅटरी पार बसली. आता रात्री नऊलाच इन्व्हर्टर ओरडतो आणि बंद पडतो. वायरमन म्हणतो, तुम्ही बॅटरी फार खोल उतरवता म्हणून तिचं आयुष्य कमी झालं. शेजारी आणखी एक दीडशेची जोडा, म्हणजे दोन्हींवर निम्मा निम्मा भार येईल. मुलगा कोल्हापूरला कामाला आहे. तो म्हणतो, लिथियम घे, ती कितीही उतरली तरी चालते. पुन्हा पुन्हा एवढा पैसा घालणं आम्हाला जमायचं नाही. बॅटरी रोज किती टक्के वापरली तर टिकते? आणि आम्ही नक्की काय करावं?

उत्तर

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी बॅटरीचं बिल आणि वॉरंटी कार्ड शोधून काढा. पुष्कळ ट्यूब्युलर बॅटऱ्यांना तीन वर्षांची वॉरंटी असते, काहींना पाच वर्षांचीही. तुमची बॅटरी अडीचच वर्षांची आहे. कार्डावर दुकानाचा शिक्का आणि विक्रीची तारीख असेल तर आधी दुकानदाराला गाठा आणि तोवर वायरमनला बॅटरीला हात लावू देऊ नका. कुणी टोपणं उघडून ॲसिड बदललं किंवा त्यात पावडर टाकली असं दिसलं, की कंपनी हात वर करते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. वायरमननं सांगितलं ते पुस्तकी हिशेबानं चूक नाही. तुमची ट्यूब्युलर ही शिशाची बॅटरी. ती जितकी खोल उतरवाल तितकं तिचं आयुष्य घटतं. चांगल्या सोलर ट्यूब्युलर बॅटरीच्या माहितीपत्रकात साधारण असे आकडे असतात: रोज ८० टक्के उतरवली तर दीड हजार वेळा चालेल, ५० टक्के उतरवली तर तीन हजार वेळा आणि २० टक्केच उतरवली तर पाच हजार वेळा. कंपनीगणिक थोडं इकडेतिकडे होतं, पण चढउतार असाच असतो. सोलरची बॅटरी दिवसातून एकदा भरते आणि एकदा उतरते, म्हणजे एक दिवस एक फेरी. त्या हिशेबानं ८० टक्क्यांवर चार वर्षं, ५० टक्क्यांवर आठ वर्षं आणि २० टक्क्यांवर तेरा वर्षांच्या पुढे.

यातली तेरा वर्षं मात्र कागदावरच राहतात. बॅटरी नुसती ठेवली तरी म्हातारी होते, कारण आतल्या धन प्लेटेचा सांगाडा हळूहळू गंजत असतो. हे सगळे आकडे २७ अंश तापमानाला धरलेले असतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. पत्र्याखाली, बिनवाऱ्याच्या कोपऱ्यात ठेवलेली बॅटरी तेरा वर्षं पाहत नाही, मग तुम्ही ती कितीही जपून वापरा. एकूण मिळणारी वीजही मोजून बघा. एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप. दीडशे एएचच्या बॅटरीतून ८० टक्क्यांनी दीड हजार वेळा वीज काढली तर एक लाख ऐंशी हजार एएच होतात. ५० टक्क्यांनी तीन हजार वेळा काढली तर सव्वादोन लाख. २० टक्क्यांनी पाच हजार वेळा काढली तर फक्त दीड लाख. म्हणजे फार जपून वापरूनही पदरात जास्त काही पडत नाही, उलट तेवढ्याच विजेसाठी दुप्पट-तिप्पट मोठी बॅटरी विकत घ्यावी लागते.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: रोजचा वापर ३० ते ५० टक्क्यांत बसवा. एखाद्या रात्री पाहुणे आले, वाड्यावर कार्य निघालं, ७०-८० टक्के गेली, तरी घाबरू नका. पुढच्या दोन-तीन दिवसांत ती पूर्ण भरली की झालं.

ही अट मात्र पक्की आहे. माझ्या मते तुमची बॅटरी इथंच गेली. तुमच्या पत्रातल्या वस्तू घेऊन हिशेब मांडतो. बल्ब, टीव्ही किती तास चालतात हे तुम्ही लिहिलेलं नाही, ते मी अंदाजानं धरलंय. तुमच्याकडे वेगळं असेल तर तो आकडा बदलून घ्या.

चार बल्ब, प्रत्येकी ९ वॅटचे, रोज चार तास. त्यात तीन मोबाइल धरून १८० वॅट-अवर. ही वीज इन्व्हर्टरमधून येते, त्यात पंधरा टक्क्यांच्या आसपास वाया जाते, म्हणून बॅटरीच्या बारा व्होल्टनं भागलं की बॅटरीतून १८ एएच निघतात. आता एक वस्तू अशी आहे की जी कुणी मोजतच नाही, ती म्हणजे स्वतः इन्व्हर्टर. एकही बल्ब लागलेला नसला तरी चालू इन्व्हर्टर दहा-बारा वॅट खात बसतो. दहा वॅट धरले तरी चोवीस तासांचे २४० वॅट-अवर, म्हणजे २० एएच. तुमच्या चारही बल्बांपेक्षा आणि तिन्ही मोबाइलांपेक्षा जास्त! असा सुरुवातीचा तुमचा रोजचा खर्च ३८ एएच होता. दोनशे वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला पन्नासच्या आसपास एएच देतं आणि बॅटरीत जाता जाता त्यातले पंचेचाळीस उरतात. अडतीस जायचे, पंचेचाळीस यायचे. पावसाळ्यात बॅटरी मागं पडली तरी आश्विनातल्या उन्हात सात-सात एएच करत भरून निघायची. दीड वर्ष त्रास झाला नाही तो यामुळं.

मग दिवाळीला टीव्ही आला. चाळीस वॅटचा टीव्ही तीन तास म्हणजे बॅटरीतून १२ एएच. हे फार नाही. पण डिशचा डबा रिमोटनं बंद केला की बंद होत नाही, त्याचा फक्त दिवा बदलतो. असा डबा आठ-दहा वॅट रात्रंदिवस घेत राहतो. आठ धरले तरी चोवीस तासांचे १९ एएच. तीन तास टीव्ही बघायला बारा आणि एकवीस तास न बघायला त्याहून जास्त. आता रोजचा खर्च झाला सत्तर आणि आवक राहिली पंचेचाळीसच.

सत्तर एएच म्हणजे दीडशेच्या बॅटरीचे ४७ टक्के. बॅटरी किती खोल उतरते याच्या वरच्या आकड्यांत बघितलं तर ही बॅटरी आठ वर्षं चालायला हवी होती. ती वर्षभरात गेली. एवढी तफावत नुसत्या खोल उतरण्यानं होत नाही. रोज पंचवीस एएचची तूट येत गेली, आठवडाभरात बॅटरी तळाला टेकली आणि तिथून पुढं ती कधी पूर्ण भरलीच नाही. रात्री इन्व्हर्टर बंद पडेपर्यंत रिकामी, दिवसा तिसऱ्या हिश्शापर्यंत भरलेली, रात्री पुन्हा रिकामी. थंडीत पहाटे लाइट जायची ती याचीच सुरुवात होती. आपले बहुतेक इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टच्या आसपास बंद पडतात. दोन बल्बांसारख्या हलक्या लोडवर साडेदहा व्होल्ट येणं म्हणजे बॅटरीत काहीच उरलेलं नाही. तो आवाज बॅटरी वाचवण्यासाठी आहे असं लोक समजतात, पण हलक्या लोडवर तो फार उशिरा येतो.

अर्धवट भरलेल्या बॅटरीचं आत काय होतं ते सांगतो, म्हणजे वायरमनशी बोलताना तुमच्या हाती मुद्दा राहील. आत शिशाच्या प्लेटा आणि गंधकाम्ल असतं. बॅटरी उतरते तेव्हा प्लेटांवर शिशाचं सल्फेट तयार होतं. हा बिघाड नव्हे, बॅटरीचं कामच असं चालतं. चार्जिंग झालं की ते सल्फेट सुटून पुन्हा ॲसिडमध्ये जातं. ताजं सल्फेट बारीक असतं आणि सहज सुटतं. पण बॅटरी दिवसेंदिवस अर्धवट राहिली की त्याचे कण मोठे आणि कठीण होत जातात, माठाला क्षार धरतात तसे, आणि मग नेहमीच्या चार्जिंगला दाद देत नाहीत. तेवढी प्लेट कामातून जाते. शिवाय ॲसिड पाण्यापेक्षा जड असल्यानं उंच ट्यूब्युलर बॅटरीत ते तळाशी बसतं. बॅटरी पूर्ण भरत आली की आत बुडबुडे उठतात आणि त्यांनीच ते ढवळलं जातं. तुमच्या बॅटरीत वर्षभर बुडबुडे उठायची वेळच आली नसेल.

याची एक खूण तुम्हाला घरबसल्या सांगता येईल. गेल्या वर्षभरात बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर किती वेळा टाकावं लागलं? जवळपास नाहीच, असं उत्तर असेल तर माझा अंदाज बरोबर आहे. रोज पूर्ण भरणाऱ्या ट्यूब्युलर बॅटरीला काही महिन्यांनी पाणी लागतंच. ‘आमच्या बॅटरीला पाणीच लागत नाही’ असं लोक कौतुकानं सांगतात, तेव्हा मला त्या बॅटरीची काळजी वाटते.

आता दुसऱ्या बॅटरीबद्दल. जोडू नका. या बाबतीत मला जराही शंका नाही, आणि असा सल्ला गावोगाव दिला जातो याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यात गरिबाच्या घरातला मोठा पैसा जातो. दोन बॅटऱ्या झाल्या तरी पॅनल देणार पंचेचाळीसच आणि घर मागणार सत्तरच. तूट तेवढीच राहते, फक्त तळ गाठायला एका आठवड्याऐवजी दोन लागतात. पहिले पंधरा दिवस तुम्हाला वाटेल की काम झालं. नंतर दोन्ही बॅटऱ्या अर्धवट राहतील आणि दोन्ही बसतील. त्यात तुमची जुनी आधीच खराब आहे. नवी तिच्या शेजारी समांतर जोडली की जुनी तिची वीज ओढत राहते आणि नवीही लवकर तिच्या पंक्तीला जाऊन बसते. एकत्र जोडायच्याच असतील तर एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या बॅटऱ्या जोडाव्यात. तुम्हाला तर दोन लागतच नाहीत.

करायचं काय, तर आधी खर्च आटोक्यात आणा. टीव्ही आणि डिशचा डबा एकाच बोर्डावर घ्या आणि टीव्ही संपला की भिंतीवरचं बटण दाबून दोन्ही बंद करा. पुन्हा लावताना डबा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, पोरं कुरकुर करतील, पण सोळा-सतरा एएच वाचतात. त्यानंतर बल्ब आणि मोबाइल इन्व्हर्टरवरून काढून थेट बारा व्होल्ट डीसीवर घ्या, म्हणजे बॅटरीच्या सरळ विजेवर, मध्ये इन्व्हर्टर न घेता. ‘सौभाग्य’ योजना २०१७ साली आली तेव्हा लाइन पोचू न शकणाऱ्या घरांना दोनशे-तीनशे वॅटचे जे सोलर संच द्यायचं ठरलं, त्यात पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा आणि एक डीसी सॉकेट असं होतं. दिवे आणि पंखा डीसीवर असले की बॅटरीतली वीज आधी इन्व्हर्टरला खाऊ घालावी लागत नाही, म्हणून लहान घरासाठी ती रचना योग्यच आहे.

बारा व्होल्टचे डीसी एलईडी बल्ब नेहमीच्याच होल्डरमध्ये बसतात, दिसायलाही तसेच असतात. म्हणून डीसीचे होल्डर वेगळ्या रंगाचे घ्या. चुकून डीसीचा बल्ब इन्व्हर्टरच्या लाइनवर लावला तर क्षणात जातो. कंट्रोलरवर, म्हणजे पॅनल आणि बॅटरीच्या मधल्या चार्जिंग सांभाळणाऱ्या पेटीवर, बल्बाचं चित्र असलेले दोन पॉइंट असतात, लाइन तिथून काढा, म्हणजे बॅटरी फार उतरली तर कंट्रोलरच दिवे तोडेल. तोडायचं व्होल्टेज बदलता येत असेल तर ते साडेअकराच्या वर ठेवा. बारा व्होल्टवर तेवढ्याच उजेडासाठी करंट जास्त वाहतो, तेव्हा वायर बारीक चालणार नाही. अडीच एमएमची घ्या, लांबी कमीत कमी ठेवा आणि बॅटरीजवळ फ्यूज लावा. मोबाइलसाठी गाडीत लावतात तसला बारा व्होल्टचा यूएसबी चार्जर चालतो. मग इन्व्हर्टर फक्त टीव्हीपुरता तीन तास लावायचा, एरवी त्याच्या मागच्या बटणानं पूर्ण बंद.

एवढं केलंत तर बल्ब आणि मोबाइलचे १५, टीव्हीचे १२, डब्याचे आणि इन्व्हर्टरचे मिळून ५, असा रोजचा खर्च ३२ एएचवर येतो. सत्तरवरून बत्तीस. तेवढाच उजेड, तेवढाच टीव्ही. बॅटरी रोज जेमतेम २१ टक्के उतरेल आणि तेच पॅनल ती भरूनही काढेल. उन्हाळ्यात पंखा हवा असेल तर डीसीचा घ्या. पंचवीस-तीस वॅटचा डीसी पंखा रात्रभर पाच-सहा तास चालला तर बारा-चौदा एएच घेतो, साधा छताचा पंखा त्याच्या अडीच-तीनपट.

यानंतर हाती पैसे उरले तर ते बॅटरीत घालू नका, पॅनलमध्ये घाला. पॅनलचे भाव गेल्या दहा-बारा वर्षांत खूप उतरलेत आणि चांगलं पॅनल वीस-पंचवीस वर्षं जातं. ट्यूब्युलर बॅटरीला तिच्या एएचच्या दहा टक्क्यांच्या आसपास करंट मिळाला तर ती नीट भरते. दीडशेच्या बॅटरीला पंधरा अँपिअर हवेत, तुमचं एक पॅनल भर दुपारीही दहा-अकराच देतं. आहे तसलंच दुसरं दोनशे वॅटचं पॅनल समांतर जोडा आणि कंट्रोलर तीस अँपिअरचा घ्या. इथं एक जण हमखास फसतो. दुकानदार म्हणतो, दोनशेचं कशाला, थोड्या जास्त पैशात हे साडेतीनशेचं न्या. ते पॅनल चोवीस व्होल्टच्या बॅटरीसाठी असतं. तुमचा कंट्रोलर साध्या पीडब्ल्यूएम प्रकारचा असेल, आणि तो पॅनलचं जादा व्होल्टेज वापरूच शकत नाही. साडेतीनशे वॅटचे पैसे मोजून दोनशेच्या आतच वीज मिळते. मोठं पॅनल घ्यायचंच असेल तर ते जादा व्होल्टेजही कामाला लावणारा एमपीपीटी प्रकारचा कंट्रोलर लागतो. आणि पॅनलवर फणसाची, आंब्याची सावली येत नाही ना ते सकाळ-दुपार-संध्याकाळ बघा. एका कोपऱ्यावरची सावलीही सगळ्या पॅनलची वीज पाडते, कारण आतल्या चकत्या एकामागोमाग जोडलेल्या असतात.

दुसऱ्या पॅनलचा खरा उपयोग पावसाळ्यात होतो. तुमच्याकडच्या धुक्यापावसात दिवसाचं काम दीड-दोन तासांच्या उन्हाएवढंच होतं, कधी त्याहून कमी. एका पॅनलवर पंधरा-वीस एएच मिळतात, दोनांवर तीस-चाळीस, म्हणजे बत्तीसचा खर्च बऱ्याच दिवशी निघतो. लागोपाठ काळोखी लागली की टीव्ही बंद ठेवा. आणि उघडीप मिळाली की त्याच दिवशी सगळं लावायचा मोह आवरा. ते दोन-तीन दिवस फक्त गरजेपुरते दिवे लावून बॅटरी काठोकाठ भरू द्या. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा तरी बॅटरी पूर्ण भरली तर ती दसऱ्याला धडधाकट निघते.

भरली हे ओळखायचं कसं? काही शे रुपयांत मल्टीमीटर मिळतो आणि त्याहून कमी किमतीत ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर. दोन्ही घ्या. वाड्यावर इतर घरांत सोलर असेल तर सगळ्यांत मिळून घ्या. लख्ख उन्हाच्या दिवशी दुपारी दोन वाजता बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा. १४.२ ते १४.४ दिसलं आणि तासा-दोन तासांनी तितकंच राहिलं तर बॅटरी भरत आली. चार वाजेपर्यंत तेराच्या आसपासच रेंगाळत असेल तर ती भरत नाहीये, कंट्रोलरवर हिरवा दिवा लागला असला तरी. दुसरं माप पहाटे घ्या, ऊन यायच्या आत, सगळं बंद करून तासभर थांबून. पूर्ण भरलेल्या ट्यूब्युलर बॅटरीचं विश्रांतीतलं व्होल्टेज साडेबाराच्या आसपास असतं, निम्मी उतरली की १२.१ ते १२.२, आणि ११.८ च्या खाली गेली तर जवळपास संपली. मोबाइलवर फिरणाऱ्या तक्त्यात पूर्ण भरलेल्या बॅटरीसमोर १२.७ लिहिलेलं असतं. ते गाडीच्या बॅटरीचं माप आहे, तिच्यात ॲसिड जास्त दाट असतं. तो तक्ता बघून आपली बॅटरी कधीच भरत नाही असं समजू नका. हायड्रोमीटरवर ट्यूब्युलरची पूर्ण भरलेली घनता १२४० च्या आसपास येते.

जुनी बॅटरी लगेच भंगारात काढायची गरज नाही. वॉरंटीत बसत नसेल तर आठवडाभर तिच्यावर एकही लोड टाकू नका आणि ती उन्हात भरू द्या. पाणी प्लेटांच्या खाली गेलं असेल तर आधी प्लेटा बुडेपर्यंतच डिस्टिल्ड वॉटर घाला, बाकीचं भरल्यावर. कंट्रोलरला इक्वलायझेशनची, म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्टेजनं भरून सगळे कप्पे सारखे करण्याची सोय असेल तर ती शेवटी एकदा चालवा, त्या वेळी खिडकी-दार उघडं ठेवा आणि जवळ चूल, दिवा, विडी काही नको, कारण भरताना निघणारा वायू पेट घेतो. मग सहाही टोपणं उघडून प्रत्येक कप्प्याची घनता मोजा. सगळे कप्पे मिळतेजुळते वर चढले तर बत्तीस एएचच्या नव्या खर्चाला ती आणखी वर्ष-दोन वर्षं पुरेल. पाच कप्पे वर आणि एक तीस-चाळीस अंशांनी खालीच राहिला तर तो कप्पा मेला आणि बॅटरी गेली. मधल्या काळात कुणी पावडर टाकून किंवा ॲसिड बदलून बॅटरी जिवंत करून देतो म्हणाला तर ऐकू नका. नवं ॲसिड घातलं की घनता चांगली दिसते, प्लेटा मात्र तशाच राहतात.

नवी घ्यायची वेळ आली तर मुलाचं म्हणणं विचारात घेण्याजोगं आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी ८० टक्के उतरवली तरी दोन हजारांहून जास्त फेऱ्या देते. तुमच्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती अर्धवट भरलेली राहिली तरी तिचं बिघडत नाही. सह्याद्रीच्या पावसात हा फार मोठा फायदा आहे. वजनही दहा-बारा किलो; पन्नास-साठ किलोची ट्यूब्युलर वाड्यावर चढवताना काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पण डब्याचं बटण बंद केलं नाहीत तर लिथियमही आठवडाभरात रिकामी होईल. ती बसणार नाही एवढंच, अंधार मात्र तोच. शिवाय कंट्रोलरला लिथियमची सेटिंग हवी, इक्वलायझेशन बंद हवं आणि विकणारा असा हवा की बिघडली तर कोल्हापुरात दाद लागेल. नावगाव नसलेल्या, जुन्या सेलांपासून जोडलेल्या स्वस्त लिथियम बॅटऱ्या बाजारात आहेत, त्यांच्यापासून लांब राहा. पैशाची ओढाताण असेल तर मी ट्यूब्युलरच घ्या म्हणेन, आणि तीही शंभर एएचची. बत्तीसचा खर्च तिच्या एक तृतीयांशाहून कमीच होतो, म्हणजे ती फार खोलही उतरणार नाही आणि तुमच्या पॅनलला ती भरणंही सोपं. घेताना लेबलवर सी१०, म्हणजे दहा तासांत काढल्यावर मिळणारे एएच, लिहिलेलं आहे ना ते बघा. सी२० लिहिलेली बॅटरी इन्व्हर्टरची असते, आणि तिच्यावर छापलेले एएच सावकाश वीस तासांत काढले तरच मिळतात.

जुनी बॅटरी फेरीवाल्या भंगारवाल्याला देऊ नका आणि तिचं ॲसिड मातीत किंवा ओढ्यात ओतू देऊ नका. त्यात शिसं असतं, आणि तुमच्या शेळ्यामेंढ्या तेच पाणी पितात. नवी घेताना दुकानदाराला परत द्या, तो तिचे पैसे बिलातून वजा करतो. जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी कंपन्यांवरच टाकली आहे.

डबा आणि इन्व्हर्टर बंद ठेवायला आजपासूनच सुरुवात करा, त्याला एक रुपयाही लागत नाही. आठ दिवसांनी मला चार गोष्टी कळवा: दुपारी दोनचं व्होल्टेज, पहाटेचं व्होल्टेज, सहाही कप्प्यांची घनता आणि शेवटचं पाणी कधी टाकलं ते. ही बॅटरी ठेवायची की बदलायची, ते त्यावरून सांगता येईल.